ढाल, दंड आणि मानमूल्य : केल्टिक शस्त्राचारातून गेममधले समाज घडवताना

गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या, केल्टिक टोळ्यांच्या सभेला माणसे शस्त्रे घेऊनच येत. इ. स. पू. २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला वाट देऊ नका असे सांगायला गेलेल्या रोमन दूतांना ही सशस्त्र सभा नवी होती, आणि लिव्ही या इतिहासकाराने ती तिथली रीत म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवली. अशा सभेत कोणी दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळा आणला तर काय होई, हे भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. सभेचा सेवक उपसलेली तलवार घेऊन त्या माणसाजवळ जाई आणि गप्प बसायला बजावी. न ऐकल्यास पुन्हा बजावी. तरीही तोंड बंद झाले नाही, तर तो त्याच्या लोकरी पांघरुणाचा एवढा मोठा तुकडा कापून टाकी की ते पुन्हा वापरता येऊ नये. सगळ्यांच्या कमरेला तलवार, आणि वार झाला तो कापडावर. भर सभेत फाटके पांघरूण घेऊन बसायची नामुष्की पुरेशी होती.

व्हिडिओ गेम आणि टेबलावर खेळले जाणारे रोल-प्लेइंग गेम गेली पन्नासेक वर्षे केल्टिक जगाकडून उसनवारी करत आले आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये ड्रुइड, म्हणजे केल्टिक पुरोहित, हे पात्र खेळाडूला १९७६ मध्ये घेता येऊ लागले. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’ने १९८५ मध्ये सरदारांची कीर्ती आणि मनोविकार आकड्यांत मोजून दाखवले. २००४ चा कोरियन ऑनलाइन गेम ‘माबिनोगी’ वेल्श कथासंग्रहाचे नावच घेऊन आला, २०१७ च्या ‘हेलब्लेड’ची नायिका प्राचीन स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांतली आहे, आणि ‘असॅसिन्स क्रीड व्हॅल्हाला’ने २०२१ मध्ये आयर्लंडवर स्वतंत्र भाग काढला. एकंदर उसनवारी मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचीच जास्त झाली: निळे गोंदण, सर्पिल नक्षी, धुके, शिळावर्तुळे. त्यातली शिळावर्तुळे तर केल्टांच्या कितीतरी शतके आधीची आहेत. गेम लिहिणाऱ्याला खरा माल मिळतो तो या समाजांच्या कायद्यात आणि रीतीभातीत. तिथे शस्त्र हाती घेणारा माणूस आपोआप कोणाच्या तरी हिशेबात येई: त्याला जामीन कोण, त्याने केलेल्या खुनाचा दंड कोणते नातलग भरणार, मेजवानीत त्याने कुठे बसायचे, त्याची शपथ किती किमतीची. हा हिशेब गेममध्ये आला की तलवारीच्या एका घावाचे परिणाम दहा घरांपर्यंत पोहोचतात, आणि समाज उभा राहायला तेवढे पुरते.

‘केल्टिक’ या शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोहयुगीन टोळ्यांविषयीची लेखी माहिती ग्रीक आणि रोमन लेखकांची आहे. त्यातला रोमन सेनापती सीझर तर त्यांना जिंकायलाच निघाला होता. आयर्लंडचे ब्रेहन कायदे, म्हणजे तिथल्या पारंपरिक न्यायपंडितांचे ग्रंथ, इ. स. सातव्या-आठव्या शतकांत लिहिले गेले. तोवर देश ख्रिस्ती झाला होता. वेल्सचे कायदे दहाव्या शतकातल्या हिवेल दा या राजाच्या नावावर असले तरी त्यांची हस्तलिखिते तेराव्या शतकापासूनची आहेत. आयरिश वीरकथाही मठांतल्या भिक्षूंनीच उतरवून ठेवल्या. म्हणजे सीझरने पाहिलेला गॉल आणि आयरिश कायदेपंडित यांच्यात सातशे वर्षांचे आणि एका समुद्राचे अंतर आहे. इतिहासकाराला हे अंतर विसरता येत नाही. गेम लिहिणाऱ्याला थोडी मोकळीक असते, पण कोणता नियम कुठला हे माहीत असले की त्याची सरमिसळ निदान जाणूनबुजून होते.

सभेइतकीच मेजवानीही शस्त्रांचा आखाडा होती. पोसिडोनियस या ग्रीक लेखकाने केलेले गॉलमधल्या मेजवानीचे वर्णन नंतरच्या लेखकांनी जपले आहे. माणसे गोलाकार बसत, सर्वांत बलाढ्य मधोमध, बाकीचे मानाप्रमाणे त्याच्या दोन्ही बाजूंना. ढाल धरणारे सेवक मागे उभे राहत आणि भालेवाले समोर गोलाकार बसून जेवत. जनावराच्या मांडीचा तुकडा सर्वांत शूर माणसाचा; दुसऱ्या कोणी त्यावर हक्क सांगितला तर दोघे उठून मरेपर्यंत लढत. आयरिश कथांतही हाच ‘वीराचा वाटा’ वारंवार येतो. मॅक दाथो नावाच्या यजमानाच्या डुकराच्या कथेत एकेक योद्धा उठतो, आपले पराक्रम सांगतो, समोरच्याची जुनी फजिती उकरून काढतो, आणि सुरी शेवटी त्याच्याच हाती राहते ज्याला कोणी मान खाली घालायला लावू शकत नाही. गेममध्ये हे प्रसंग संवादाच्या लढाया म्हणून बसवता येतात. खेळाडूने आजवर केलेली प्रत्येक गोष्ट तिथे शस्त्र ठरते, आणि पळून गेलेली प्रत्येक लढाई त्याच्याविरुद्ध वापरली जाते.

भेट म्हणून दिलेली तलवारही साधी नसे. ‘लेबोर ना केर्त’ या मध्ययुगीन आयरिश ग्रंथात कोणत्या राजाने कोणत्या मांडलिकाला किती तलवारी, ढाली, घोडे आणि पेयाची शिंगे द्यायची याच्या लांबलचक याद्या आहेत. ही भेट स्वीकारली की देणाऱ्याचे वर्चस्व मान्य केले असा तिचा अर्थ होई. आजच्या बहुतेक गेममध्ये कामगिरी पार पडली की गावचा मुखिया खेळाडूला तलवार देतो आणि खेळाडू ती न बघता पिशवीत टाकतो. केल्टिक नियम लावला तर तोच क्षण अवघड होतो. तलवार घेतली तर त्या मुखियाच्या शत्रूंशी वैर आणि त्याच्या लढायांत हजेरी. नाकारली तर भर सभेत त्याचा अपमान.

शस्त्र पहिल्यांदा हाती घेणे हा बालपण संपल्याचा क्षण होता. सीझर सांगतो की गॉलमध्ये मुलगा शस्त्र पेलण्याच्या वयाचा होईपर्यंत त्याने चारचौघांत बापासमोर येणे लज्जास्पद मानले जाई. आयरिश कथेतल्या कू खुलिनने सातव्या वर्षीच शस्त्रे मागितली, कारण आज जो शस्त्र घेईल त्याची कीर्ती अमर होईल, पण आयुष्य थोडे असेल, हे काथबाद ड्रुइडचे बोलणे त्याने ऐकले होते. राजाने दिलेली शस्त्रे त्याच्या हातात एकामागून एक मोडत गेली, आणि शेवटी टिकली ती राजाची स्वतःची. मुले वाढायची तीही बहुधा दुसऱ्याच्या घरी. पालनगृहाची ही पद्धत आयरिश कायद्याने बारकाईने बांधली होती, आणि पालक-भावांचे नाते अनेकदा सख्ख्यापेक्षा घट्ट असे. कू खुलिनला नदीच्या उतारावर ज्या फेर दिआदशी लढावे लागते, तो त्याचा असाच पालक-भाऊ. ज्यांना अजून जमीन मिळालेली नाही असे तरुण फीअन नावाच्या टोळ्यांत राहत, रानात शिकार करत, कधी भाड्याने लढत आणि कधी लुटालूट करत. वारसा मिळाला की ते गावात परतत. गेममधला साहसी भटका या फीअनच्या तरुणाचाच जवळचा नातेवाईक आहे. फरक इतकाच की फीअनमधल्याला परतीची वाट असते.

आता देवांना अर्पण म्हणून टाकलेल्या, बहुधा पाण्यात गेलेल्या शस्त्रांविषयी. स्वित्झर्लंडमधल्या नॉयशातेल सरोवराकाठी ला टेन येथे १८५७ पासून तलवारी आणि भाले सापडत गेले, आणि त्या जागेच्या नावावरून एका संपूर्ण लोहयुगीन संस्कृतीचे नाव पडले. त्याच वर्षी लंडनमध्ये थेम्स नदीतून बॅटरसीची ढाल निघाली: काशाची, लाल काचेच्या नक्षीची, आणि लढाईत टिकणार नाही इतकी पातळ. वेल्समधल्या अँगलसी बेटावर १९४२ मध्ये विमानतळाचे काम चालू असताना लिन केरिग बाख या तळ्याच्या गाळातून तलवारी, भाले, रथांचे भाग आणि गुलामांच्या गळ्यात अडकवायची लोखंडी साखळी वर आली. ती काय आहे हे कळण्यापूर्वी कामगारांनी तिने चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढल्या, आणि सुमारे दोन हजार वर्षांची ती साखळी तुटली नाही. फ्रान्समध्ये गूर्ने-सुर-आरोंद येथील देवस्थानात दोन हजारांहून अधिक शस्त्रांचे अवशेष मिळाले. तलवारी जाणूनबुजून वाकवलेल्या, ढालींच्या पट्ट्या पिरगाळलेल्या. सीझरही लिहितो की युद्धातली लूट पवित्र जागी ढीग घालून ठेवली जाई, आणि त्यातले काही लपवणाऱ्याला किंवा उचलणाऱ्याला हालहाल करून मारले जाई.

गेमच्या अर्थकारणाला ही रीत आयतीच उपयोगी पडते. जवळपास प्रत्येक गेममध्ये खेळाडूकडे अखेरीस इतकी शस्त्रे साठतात की त्यांना किंमत उरत नाही. मेलेल्या शत्रूचे शस्त्र स्वतः वापरणे निषिद्ध आणि ते मोडून तळ्याला अर्पण केल्यास मान वाढतो, एवढा एक नियम घातला की ढीग आपोआप कमी होतो आणि लोभाला नैतिक किंमत येते. तळ्याच्या तळाशी उत्तम तलवारी पडलेल्या आहेत हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे तिथे रात्री कोण बुडी मारतो या प्रश्नात एक अख्खी उपकथा दडलेली असते. शिवाय तलवार घडवणे सोपे नव्हते, हेही गेममध्ये दिसले पाहिजे. यॉर्कशरमधल्या कर्कबर्न येथे १९८७ मध्ये एका थडग्यात मिळालेली तलवार आणि तिचे म्यान ७० पेक्षा जास्त भाग जोडून बनवलेली आहेत. तिच्या मालकाला थडग्यात ठेवल्यावर त्याच्या छातीत तीन भाले खुपसले होते. का, ते कोणालाच माहीत नाही, आणि गेम लिहिणाऱ्याला इथे भरपूर वाव आहे.

सर्वांत समृद्ध सामग्री मात्र आयरिश कायद्यात आहे. तुआथ म्हणजे छोटे राज्य. आयर्लंडमध्ये अशी कितीतरी राज्ये एकमेकांना लागून होती. पोलीस नाहीत आणि सरकारी वकीलही नाही. प्रत्येक स्वतंत्र माणसाला कायद्याने ठरलेले मानमूल्य असे. तुआथच्या राजाचे सात कुमल, मध्यम शेतकऱ्याचे, म्हणजे बोआराचे, पाच शेद. कुमल म्हणजे मूळ अर्थी दासी. हिशेबात ती साधारण तीन दुभत्या गाईंइतकी धरली जाई. शेद त्याहून खूप लहान, सुमारे अर्ध्या गाईचा. माणसाचा अपमान, त्याच्या पाहुण्यावर हल्ला, त्याच्या अंगणात हाणामारी, या प्रत्येकासाठी हे मानमूल्य किंवा त्याचा ठरावीक भाग द्यावा लागे. स्वतंत्र माणसाचा खून झाला तर सात कुमलांचा देहदंड आणि वर नातलगांच्या मानमूल्यानुसार भरपाई. खून करून प्रेत लपवले तर दंड दुप्पट. खुन्याने दिला नाही तर त्याच्या भावकीकडून वसूल होई. ही भावकी एकाच पणजोबाचे सारे वंशज मिळून बनलेली. माणसाची शपथही त्याच्या मानमूल्याइतक्याच रकमेपर्यंत चाले. त्यापेक्षा मोठ्या दाव्यात त्याचा शब्द वरच्या दर्जाच्या माणसाच्या शपथेपुढे टिकत नसे.

‘क्रिथ गॅवलाख’ हा सुमारे इ. स. ७०० चा ग्रंथ एकेका दर्जाच्या माणसाच्या घरात काय असायला हवे तेही सांगतो. सधन शेतकऱ्याच्या यादीत सहाण, कोयता, कुऱ्हाड यांच्यासोबत भालाही आहे, पण तो गुरे मारायचा. राजाच्या बाबतीत हाच ग्रंथ अधिक कठोर होतो. राजाने फावडे, मोगरी किंवा कुऱ्हाड हाती धरून काम केले तर त्याचे मानमूल्य सामान्य माणसाइतके खाली येते. लढाईतून पळताना त्याला पाठीमागून जखम झाली तरी तेच. एक जखम शरीराच्या कोणत्या बाजूला आहे यावर राजाची किंमत ठरते, आणि हे आकड्यांच्या भाषेत सांगायला गेमइतके सोयीचे माध्यम दुसरे नाही. राजाच्या अंगात व्यंगही चालत नसे. मधमाशांविषयीचा ‘बेखव्रेथा’ हा कायदा सांगतो की काँगल कीख या राजाचा डोळा मधमाशीने फोडला आणि त्यामुळे त्याचे तारा येथील राजपद गेले. ६३७ मध्ये माग राथच्या लढाईत तो मारला गेला.

जखमेचा हिशेब ‘ब्रेथा देइन खेख्त’ या ग्रंथात आहे. वैद्य जखम धान्याच्या दाण्यांनी मोजी, आणि कोणता दाणा वापरायचा ते जखमी माणसाच्या दर्जावर ठरे. राजासाठी गव्हाचा दाणा, खालच्या दर्जांसाठी वाटाण्यासारखे मोठे दाणे. जखम तेवढीच असली तरी बारीक दाण्याने मोजली की आकडा फुगतो, आणि दंडही. जखमी माणूस नऊ दिवसांत बरा झाला नाही तर आरोपीला त्याच्या शुश्रूषेची सोय करावी लागे: योग्य घर, योग्य अन्न, आणि त्याचे शेतीचे काम करायला बदली माणूस. ‘ब्रेथा क्रोलिगे’ हा दुसरा ग्रंथ त्या घरात काय चालणार नाही हेही सांगतो. वेड्यांना आत सोडायचे नाही, कुत्र्यांची झुंज लावायची नाही, पोरांना मारायचे नाही, भांडणे नाहीत, खेळ नाहीत, आरडाओरडा नाही. एक पेला लाल औषध पिऊन दोन सेकंदांत बरे होणाऱ्या नायकांच्या गर्दीत, आपण जखमी केलेल्या माणसाच्या उशाशी शांतता राखत बसलेला योद्धा अगदी वेगळा उठून दिसेल.

या सर्व नियमांत खेळाडूचे स्थान कुठे, हा प्रश्न इथे येतो. साहसकथेचा नायक बहुधा परका असतो. आयरिश कायद्यात समुद्रापलीकडून आलेल्या अशा माणसाला ‘करडा कुत्रा’ म्हणत. त्याला स्वतःचे मानमूल्य नसे. त्याने स्थानिक स्त्रीशी लग्न केले तर तिच्या मानमूल्याचा निम्मा भाग त्याला मिळे, आणि त्याच्या चुकांचा दंड तीच भरे. परक्या तुआथमध्ये सामान्य माणसाच्या अधिकारांची शाश्वती नव्हती. कवी, धर्मगुरू आणि वरच्या दर्जाचे विद्वान मात्र सीमा ओलांडू शकत.

एक काल्पनिक मांडणी करून हे पाहता येते. पाणथळ प्रदेशातली पाच छोटी राज्ये, मध्ये नदी, नदीवर नावाडी. खेळाडू रात्री एका नावाड्याला मारतो आणि प्रेत दलदलीत ढकलतो. नेहमीच्या गेममध्ये गावचे पहारेकरी धावत येतील, किंवा कोणी पाहिले नसेल तर काहीच होणार नाही. इथे पहारेकरी नाहीतच. तीन दिवसांनी नावाड्याचे चुलते शोधत येतात. खेळाडू परका, त्यामुळे ते त्याच्या जामीनदाराला गाठतात, म्हणजे ज्या विधवेने त्याला घरात घेतले तिला. प्रेत लपवले होते हे सिद्ध झाले की रक्कम दुप्पट. विधवेच्या गाई दारातून हाकून नेल्या जातात. ही जप्तीची रीतसर आयरिश पद्धत आहे: पूर्वसूचना, मुदत, मग गुरे नेणे, आणि मुदतीत सोडवली नाहीत तर ती रोज थोडीथोडी हातची जाणे. खेळाडूकडे आता चार वाटा आहेत. पैसे जमवणे, पळून जाणे आणि तिला तसेच सोडणे, शेजारच्या राजाची तलवार भेट घेऊन त्याच्या छत्राखाली जाणे, किंवा आपली बाजू मांडायला त्या चुलत्यांहून मोठ्या मानमूल्याचा शपथदार शोधणे. एकाही वाटेवर लढाई अनिवार्य नाही, आणि चारही वाटा लढाईपाशी पोहोचू शकतात.

बलवानाविरुद्ध दुबळ्याच्या हातात काय होते, याचे उत्तर उपोषण. वरच्या दर्जाच्या माणसाकडून येणे वसूल करायचे तर फिर्यादी त्याच्या दाराशी उपाशी बसे. त्याने तारण देऊन दाव्याला सामोरे जाण्याचे कबूल केले तर उपोषण सुटे. त्याने दुर्लक्ष केले तर त्याचे स्वतःचे हक्क जात. हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडिताने १८७५ मध्ये या रिवाजाची तुलना भारतातल्या धरणे धरण्याशी केली होती, आणि मराठी वाचकाला ती समजायला टीप लागणार नाही. शिक्षांमध्येही एक असाधारण प्रकार आहे. काही गुन्हेगारांना एक वल्हे आणि थोडी पेज देऊन नावेत बसवत आणि किनाऱ्यावरून पांढरी ढाल दिसते तितक्या अंतरापर्यंत समुद्रात नेऊन सोडत. मारायचे की तारायचे ते वारा ठरवी.

कायद्याने युद्धाला घातलेली मर्यादाही इथेच सापडते. ६९७ मध्ये आयर्लंडमधल्या बिर येथे भरलेल्या सभेत आयोना बेटावरच्या मठाचा प्रमुख आदोमनान याने एक कायदा संमत करून घेतला. स्त्रिया, मुले आणि धर्मगुरू यांना युद्धातल्या हिंसेपासून संरक्षण देणाऱ्या या कायद्याला ९१ जणांनी जामीन दिला. त्यांत अनेक राजे आणि बिशप होते. स्त्रीची हत्या करणाऱ्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडून मग त्याला ठार करायचे, आणि त्याच्या नातलगांनी दंड भरायचा, अशी त्याची तरतूद. गेममध्ये असा कायदा येणे म्हणजे नुसती पार्श्वभूमी नव्हे. कोणत्या राजाने सही दिली, कोणी दिली नाही, आणि जामीन राहिलेल्या राजाच्या सैन्यानेच तो मोडला तर वसुली कोण करणार, यांवर अख्खा कथाभाग उभा राहतो.

याहून वेगळे बंधन म्हणजे गेश, एखाद्या माणसावर वैयक्तिकरीत्या घातलेली मनाई. कू खुलिनने कुत्र्याचे मांस खायचे नव्हते. फर्गस या वीराने मेजवानीचे आमंत्रण नाकारायचे नव्हते, आणि त्याच्या शत्रूंनी नेमके तेच वापरून त्याला दूर नेले. गेश मोडला की विनाश ओढवतो. दोन गेश एकमेकांच्या आड आले की सुटका नाही. गेम बनवणारे बहुधा गेशला शक्ती देणारा शाप करून टाकतात आणि त्यातली खुमारी घालवतात. कथांत तो शत्रूला माहीत असतो. एकास-एक लढायचे असे ठरले असताना अनेकांनी चालून येणे हाही कथांच्या दृष्टीने न्यायभंग होता. शस्त्रेसुद्धा साक्ष देत. माग तुइरेदच्या दुसऱ्या युद्धाच्या कथेत ओग्मा या वीराला ओर्ना नावाची तलवार मिळते, आणि म्यानाबाहेर काढल्यावर ती आपली सारी कृत्ये सांगू लागते. कू खुलिनच्या आजारपणाच्या कथेत, खोट्या विजयाची बढाई मारणाऱ्यावर त्याचीच तलवार उलटते असे म्हटले आहे. चोरलेली तलवार भर मेजवानीत बोलू लागली, तर खेळाडूला बाजाराऐवजी प्रथम तिला गप्प करायचा उपाय शोधावा लागेल.

वेल्श कायद्यांत खूनदंडाला गालानास आणि अपमानभरपाईला सार्हाद म्हणत. बराचसा सांगाडा आयरिश पद्धतीसारखाच असल्याने त्याची पुनरुक्ती नको. दोन गोष्टी मात्र उचलण्याजोग्या आहेत. एक, भाल्याची पेनी. दंड भरताना ठरावीक पिढ्यांच्या नात्यातली माणसे संपली तरी रक्कम अपुरी राहिली, तर खुन्याला दूरच्या नातलगांकडून एकेक पेनी मागत फिरता येई. ज्याला द्यायची नसेल त्याने पवित्र अवशेषांवर हात ठेवून आपण याच्या रक्ताचे नाही अशी शपथ घ्यायची. दुसरी, दासकुळातल्या माणसाच्या मुलाने धन्याच्या परवानगीशिवाय तीन विद्या शिकायच्या नाहीत: अक्षरविद्या, कवित्व आणि लोहारकाम. लोहाराचा दर्जा आयर्लंडमध्येही वैद्याच्या बरोबरीचा होता. गेममधला लोहार बहुधा दुकानातली एक खिडकी असतो. इथे तो राजाच्या दरबारातला माणूस आहे आणि त्याच्या भट्टीत कोणाला शिरू द्यायचे हा राजकीय प्रश्न आहे.

या साऱ्याला गोडगोड रूप देण्याचा मोह टाळावा लागतो. हिशेबाचे चलन दासी होती, हे वर आलेच आहे. लिन केरिग बाखची साखळीही गुलामांची होती. गॉलमध्ये शत्रूची डोकी कापून, देवदाराच्या तेलात जपून, पाहुण्यांना दाखवली जात असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. दक्षिण फ्रान्समधल्या ल काइलार येथे सापडलेल्या कवट्यांवर राळेचे अंश मिळाले आणि त्याला पुष्टी मिळाली. सभेला सर्वांत शेवटी येणाऱ्याला सर्वांसमोर हाल करून मारत, असे सीझरने इंदुतिओमारुस या गॉलमधल्या टोळीप्रमुखाच्या सशस्त्र सभेविषयी नोंदवले आहे. मानमूल्याची पद्धत न्याय्य वाटते ती वरच्या दर्जावरून बघणाऱ्याला. गाई नसलेल्याला ती आयुष्यभर पुरणारी गुलामगिरी ठरू शके, कारण दंड भरता न आलेल्या माणसाला मृताचे नातलग दास करू शकत किंवा ठार मारू शकत. चांगल्या गेममध्ये खेळाडूला एकदा तरी खालच्या दर्जाच्या पात्राच्या जागी बसवावे, म्हणजे तो आकडा त्यालाही टोचेल.

या शस्त्राचाराचा शेवटचा टप्पा उशिराचा आहे, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला. इथे खंजिरासारख्या डर्कवर हात ठेवून शपथ घ्यायची रीत होती, आणि बाहेरचे राज्य शस्त्रच काढून घ्यायला निघाले होते. ब्रिटिश राजाविरुद्धच्या १७१५ च्या बंडानंतर निःशस्त्रीकरणाचा कायदा १७१६ मध्ये झाला. जमा केलेल्या शस्त्रांची भरपाई मिळणार होती, म्हणून कुळांनी गंजलेल्या, मोडक्या तलवारी आणून दिल्या, पैसे घेतले आणि चांगल्या तलवारी लपवून ठेवल्या. राजाशी एकनिष्ठ राहिलेल्यांनी मात्र खरी शस्त्रे दिली आणि तेच उघडे पडले. १७२५ मध्ये जनरल वेडच्या देखरेखीखाली कायदा पुन्हा कडक झाला. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाल्यावर त्याला डोंगरी पोशाखावरच्या बंदीची जोड मिळाली, आणि ती १७८२ पर्यंत टिकली. या बंदीतून राजाच्या सैन्यातल्या शिपायांना सूट होती. कुळाचा पोशाख घालून उजळ माथ्याने तलवार बाळगायची तर डोंगराळ भागातल्या तरुणाला एकच वाट उरली: ज्या राजाने ती काढून घेतली होती, त्याच्याच पलटणीत भरती होणे.